डोळे मिटून बसलेला अलिपियस

एक तरुण रोमच्या रस्त्याने चालला होता. नाव अलिपियस. शिक्षण कायद्याचं, घर समुद्रापलीकडे उत्तर आफ्रिकेतल्या तागास्ते गावी, म्हणजे आजच्या अल्जिरियातल्या सूक अहरासला. वडील गावातल्या मातब्बर मंडळींपैकी. वाटेत त्याला जेवण आटोपून परतणारी ओळखीची पोरं भेटली, काही मित्र, काही सोबत शिकणारी. त्या दिवशी अँफिथिएटरमध्ये, म्हणजे गोल उघड्या प्रेक्षागृहात, ग्लॅडिएटरांच्या, लोकांसमोर जीवघेणी लढत देणाऱ्यांच्या, झुंजी होत्या. ‘चल’ म्हणाली. अलिपियसला या खेळांचा तिटकारा होता. तो नाही नाही म्हणत राहिला आणि ती त्याला हसतखेळत ओढत घेऊन गेली. ही हकीकत लिहून ठेवणारा त्याचा मित्र संत ऑगस्टीन या ओढाओढीला जो लॅटिन शब्द वापरतो त्याचा अर्थ होतो दोस्तीतली जबरदस्ती, आणि त्यातला जबरदस्तीचा शब्द हिंसेसाठीही चालतो. म्हणजे हिंसेची सुरुवात अँफिथिएटरच्या दाराबाहेर, मित्राच्या हातानेच झाली होती.

जाताना अलिपियसने त्यांना सुनावलं. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा: माझं शरीर तुम्ही तिथे नेऊन बसवाल, पण माझं मन आणि माझे डोळे तिकडे वळवाल का? मी तिथे असून नसल्यासारखा राहीन, आणि तुमच्यावरही मात करीन, त्या खेळावरही.

हे ऐकून मित्रांनी त्याला सोडलं नाही. ऑगस्टीन म्हणतो, तो खरंच तसं करू शकतो का हे बघायची कदाचित त्यांना उत्सुकता असावी. ते आत गेले, मिळेल तिथे जागा धरली. सगळा जमाव रानटी आनंदाने उसळत होता. अलिपियसने डोळे घट्ट मिटून घेतले. ‘त्याने कानही बंद करून घेतले असते तर!’ असा ऑगस्टीन इथे हळहळतो. झुंजीत कोणीतरी कोसळला, आणि हजारो गळ्यांतून एकच आरोळी उठली. अलिपियसला राहवलं नाही. काय झालं ते बघू तरी, दिसेल त्याला तुच्छ लेखू, अशी मनाची तयारी करून त्याने डोळे उघडले.

रक्त दिसताक्षणी त्याच्या आत रानटीपणा उतरला. त्याने नजर वळवली नाही, उलट रोखून धरली. पाणी प्यावं तसा तो उन्माद प्यायला, आणि आपण काय पितोय याचं त्याला भानही नव्हतं. ऑगस्टीनचं सगळ्यांत धारदार वाक्य इथे येतं: आला होता तो माणूस आता उरला नव्हता, ज्या गर्दीत आला त्या गर्दीतलाच एक झाला होता. तो बघत राहिला, ओरडला, पेटून उठला. आणि पुन्हा पुन्हा यायला लावणारं वेड सोबत घेऊनच घरी गेला. पुढे ज्यांनी त्याला ओढून आणलं त्यांच्याबरोबर तर तो गेलाच, पण त्यांच्याही पुढे जाऊन तो स्वतः इतरांना ओढून नेऊ लागला.

प्रकरण एवढंच. ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या सहाव्या भागात ते जेमतेम पानभर आहे. ऑगस्टीन स्वतः ३८३ मध्ये रोमला पोचला तेव्हा अलिपियस आधीपासून तिथे होता, म्हणजे ही घटना त्याच्या थोडी अलीकडची किंवा पलीकडची. लिहून झाली ती ३९७ ते ४०० च्या सुमारास, आणि तोपर्यंत अलिपियस तागास्तेचा बिशप झालेला होता. या गोष्टीतलं मला सगळ्यांत भिडतं ते हेच. एका बिशपने दुसऱ्या, हयात असलेल्या बिशपची ही घसरण नावानिशी लिहिली. नोला गावच्या पॉलिनसने अलिपियसकडे त्याचा जीवनवृत्तांत मागितला होता, अलिपियसला संकोच वाटला आणि ते काम ऑगस्टीनकडे आलं, हे ऑगस्टीनच्या पत्रातून कळतं. हा मजकूर त्याच वृत्तांतातून आला असावा असं अनेक अभ्यासक मानतात. मित्राचं चरित्र लिहायला घेतलं की आपण अशा जागा गाळून टाकतो. ऑगस्टीनने गाळली नाही.

आता हा अलिपियस कोणी लेचापेचा पोरगा होता का? अजिबात नाही. त्याच भागात पुढे त्याच्या नोकरीची हकीकत येते. रोममध्ये तो इटलीच्या खजिन्याच्या अधिकाऱ्याचा कायदेविषयक सल्लागार होता. एक बडा सिनेटर, ज्याच्या उपकाराखाली आणि दहशतीखाली अर्धं शहर, त्याच्याकडे बेकायदा काम घेऊन आला. अलिपियसने नकार दिला. लाच देऊ केली, तो हसला. धमक्या दिल्या, तो बधला नाही. वरचा अधिकारीही उघड विरोध करायला कचरत होता आणि सगळी ढाल अलिपियसची करत होता. त्याला एकच मोह झाला, तो पुस्तकांचा. सरकारी सवलतीच्या दरात स्वतःसाठी ग्रंथांच्या नकला करून घेता आल्या असत्या. विचार केला आणि तोही मोह बाजूला सारला. पैशापुढे, सत्तेपुढे, भीतीपुढे ताठ उभा राहणारा माणूस एका आरोळीपुढे कोसळला. म्हणून हे प्रकरण ‘बिघडलेल्या मुलाचं’ म्हणून निकाली काढता येत नाही. चांगल्या माणसाचं आहे म्हणूनच ते महत्त्वाचं आहे.

मी आमच्या वसईत दृढीकरण (कन्फर्मेशन) संस्काराच्या तयारीला येणाऱ्या मुलांना रविवारी शिकवतो. मागच्या पावसाळ्यात वर्ग सुटल्यावर चर्चच्या पायरीवर तीन मुलं एका फोनवर डोकी घालून उभी होती. कुठल्याशा हाणामारीची क्लिप होती, खरीखुरी, पडद्यावरची नव्हे. मी जवळ गेलो तेव्हा लक्षात आलं की तिघांतला एक फोनकडे बघतच नव्हता. तो मधल्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघत होता. मधला कधी दचकतो, कधी तोंड फिरवतो, याची वाट बघत. मधला मुलगा ओठ दाबून, पापणी न हलवता बघत राहिला. मी विचारलं तर म्हणाला, ‘सर, मला काही होत नाही.’

हजारो मैलांवरचं आणि सोळाशे वर्षांपूर्वीचं वाक्य माझ्यासमोर पायरीवर उभं असल्यासारखं मला वाटलं. तुम्ही मला तिथे बसवाल, पण माझं मन वळवाल का? अलिपियसचे मित्रही असेच त्याच्या चेहऱ्याकडे बघत असतील. ‘मला काही होत नाही’ हे तो मुलगा खोटं बोलत नव्हता, त्याचा त्यावर विश्वास होता. अलिपियसचाही होता.

मनोरंजनातल्या हिंसेबद्दल आपल्याकडे चर्चमध्ये बोलणं झालं की बहुतेक वेळा मोजमाप सुरू होतं. किती रक्त, किती गोळ्या, किती वयापासून चालेल, कोणता सिनेमा बघू द्यावा. हे प्रश्न आईवडिलांना सोडवावेच लागतात, त्यांना मी कमी लेखत नाही. पण ऑगस्टीन रक्त किती होतं हे लिहीतच नाही. कोणत्या ग्लॅडिएटरला काय जखम झाली, हत्यार कोणतं, पडलेला माणूस मेला की वाचला, यातलं एक अक्षर नाही. तो म्हणतो, अलिपियसच्या आत्म्याला झालेली जखम पडलेल्या माणसाच्या देहाच्या जखमेपेक्षा खोल होती, आणि ज्याच्या पडण्याने आरोळी उठली त्याच्यापेक्षा अलिपियसच जास्त वाईट रीतीने पडला. त्याची नजर सबंध वेळ बघणाऱ्यावर आहे.

आणि बघणारा पडला तो कानाच्या वाटेने. डोळ्यांवर त्याने पहारा बसवला होता, पण कान उघडे राहिले आणि कानातून गर्दी आत आली. ज्याने कधी भरलेल्या स्टेडियममध्ये विकेट पडताना आवाज ऐकला आहे त्याला कळेल की तो आवाज ऐकून मान वर न करणं किती अवघड असतं. आज फोनवर एकट्याने बघणाऱ्यालाही गर्दी सोडत नाही. खाली हजारो लाइक असतात, हसणाऱ्या इमोजी असतात, वर्गातली पोरं ‘बघितलंस का?’ विचारत असतात. माणूस एकटा बघतो तेव्हाही पंगतीतच बसलेला असतो.

ऑगस्टीनचं खरं निदान मात्र कानाच्याही पलीकडचं आहे: अलिपियस धीट होता, पण बळकट नव्हता. देवावर भरवसा टाकायचा तिथे त्याने स्वतःवर टाकला. हे वाचून आजच्या वाचकाला वाटेल, घ्या, शेवटी प्रवचनच. पण कृपा बाजूला ठेवूनही बघा. अलिपियसचा सगळा बेत ‘मी विरुद्ध खेळ’ असा होता, जणू आखाड्यात उतरलेला तोच एक ग्लॅडिएटर. जिंकण्यासाठी गेला, आणि जिंकण्याची ईर्षा हाच त्या जागेचा धर्म होता. डोळे मिटूनही तो त्या खेळाच्या नियमांनीच बसला होता.

या सगळ्यावर नेहमी येणारं उत्तर मुलंही देतात: तिथे खरी माणसं मरत होती, इथे सगळं खोटं आहे. नट पडतो आणि कॅमेरा बंद झाला की उठून चहा पितो. हे म्हणणं बरोबर आहे, आणि फरक मोठा आहे. खऱ्या माणसाला मरायला लावून तिकीट लावणं हे पाप, आणि रंगवलेलं रक्त दाखवणं हे त्याच्या बरोबरीचं, असं म्हणणारा ख्रिस्ती माणूस त्या मेलेल्या ग्लॅडिएटरचा अपमान करतो. पण ऑगस्टीन खोट्या रक्ताबद्दलही बोलला आहे, आणि तो भाग फार कमी लोक वाचतात. ‘कन्फेशन्स’च्या तिसऱ्या भागात तो उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरातले आपले विद्यार्थिदशेतले दिवस सांगतो. त्याला नाटकांचं, विशेषतः शोकांतिकांचं वेड होतं. स्वतः कधी सोसायला तयार नसतो ते दुःख रंगमंचावर बघून माणूस रडतो, आणि रडू आलं नाही तर नावं ठेवत उठून जातो. तो विचारतो, ही कसली दया? या प्रेक्षकाला मदतीला कोणी बोलावतच नाही, नुसतं दुःख करायला बोलावलेलं असतं.

हा विचार मला आजच्या पडद्यासाठी नेमका वाटतो. पडद्यावर माणूस मार खात असताना आपल्या हाताला काही करायचं नसतं. दोन तास आपण हात बांधून बघण्याचा सराव करतो. एका सिनेमाने कोणी दगड होत नाही, आणि चांगली शोकांतिका माणसाला कोवळाही करते, ऑगस्टीनशी माझा इथे थोडा मतभेद आहे. पण त्या पायरीवरची क्लिप खरी होती, आणि मुलांनी ती सिनेमा बघावा तशीच बघितली. मार खाणाऱ्याचं पुढे काय झालं, हे तिघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

दुसरं उत्तर अधिक अवघड आहे, आणि ते चर्चच्या आतून येतं. आपलं पवित्र शास्त्र तरी कुठे रक्तापासून लांब आहे? बायबलमधलं ‘शास्ते’ हे पुस्तक वाचा. याएल या स्त्रीने तंबूची मेख शत्रूचा सेनापती सीसरा याच्या कानशिलात ठोकली ते वाचा. दर शुक्रवारी उपवासकाळात आपण क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानं फिरतो, गुड फ्रायडेला प्रभूच्या दुःखसहनाचा देखावा उभा करतो आणि चाबकाच्या प्रत्येक फटक्याला अंगणातल्या आज्या डोळ्यांना पदर लावतात. मग फरक कुठे?

कार्थेजमध्येच, ७ मार्च २०३ रोजी, पर्पेतुआ नावाची बावीसेक वर्षांची तरुणी आणि फेलिसितास नावाची गुलाम स्त्री, सोबतच्या ख्रिस्ती मंडळींसह अँफिथिएटरमध्ये मारल्या गेल्या. पर्पेतुआचं मूल अंगावर पिणारं होतं, फेलिसितास तुरुंगात नुकतीच बाळंत झाली होती. त्यांच्या हौतात्म्याचा वृत्तांत आफ्रिकेच्या चर्चमध्ये त्यांच्या सणाला वाचला जाई, आणि ऑगस्टीनने त्या दिवशी दिलेली प्रवचनं आजही आहेत. म्हणजे अँफिथिएटरला नावं ठेवणारं चर्च अँफिथिएटरचीच गोष्ट दरवर्षी वाचत होतं. पण त्या वृत्तांतात एक तपशील आहे. जनावरांनी जखमी केलेल्या या माणसांना शेवटी तलवारीने संपवायचं होतं. तेव्हा जमावाने मागणी केली की त्यांना मध्यभागी आणा, म्हणजे तलवार शरीरात शिरताना आमच्या डोळ्यांनाही त्या खुनात सोबती होता येईल. हौतात्म्य लिहिणाऱ्याने लेखणी फिरवून प्रेक्षकांकडे नेली आणि त्यांच्या डोळ्यांचं नाव लिहून ठेवलं: खुनाचे सोबती. त्यानंतर हात थरथरणाऱ्या नवख्या ग्लॅडिएटरची तलवार पर्पेतुआने स्वतः आपल्या गळ्याशी नेली. हे वाचताना आपण जमावात बसू शकत नाही. लेखक बसू देत नाही.

शुभवर्तमानंही तेच करतात. चारही शुभवर्तमानांत येशूला क्रूसावर खिळण्याचं वर्णन शोधून पाहा. ‘त्यांनी त्याला क्रूसावर खिळलं’, एवढंच. हातोडा नाही, किंचाळी नाही, नसा नाहीत. खिळ्यांच्या खुणांचा उल्लेख थेट पुनरुत्थानानंतर, योहानाच्या विसाव्या अध्यायात, थोमाच्या तोंडी येतो. सैनिक चिठ्ठ्या टाकतात, लोक उभे राहून बघतात, पुढारी टोमणे मारतात, हे मात्र सविस्तर आहे. आणि लूक तेविसाव्या अध्यायात म्हणतो की तो देखावा पाहायला जमलेले सगळे लोक, घडलं ते बघून ऊर बडवत परत गेले. इथला ग्रीक शब्द तमाशाला, बघण्यासाठी मांडलेल्या गोष्टीला वापरतात तोच आहे, आणि सगळ्या नव्या करारात तो एवढ्या एकाच जागी येतो. तीच गर्दी, तोच देखावा बघायची हौस. रोमच्या अँफिथिएटरमधून लोक वेड घेऊन परतले, येशूला खिळलं त्या गुलगुथ्यावरून ऊर बडवत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६३ च्या आपल्या माध्यमांवरील आदेशपत्रात दुष्टपणाचं चित्रण करूच नये असं म्हटलं नाही. नैतिक मर्यादा पाळली तर त्यातून माणूस अधिक खोल कळू शकतो, असंच म्हटलं.

मात्र चर्चच्या बाजूलाही एक डाग आहे आणि तो लपवून चालणार नाही. इसवी सन २०० च्या आसपास कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने तमाशांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. ‘शास्त्रात कुठे मनाई आहे?’ असं विचारणाऱ्या ख्रिस्ती लोकांना त्याने पहिलं स्तोत्र दाखवलं: निंदकांच्या बैठकीत न बसणारा तो धन्य. घरी साधं प्रेत बघून शहारणारा माणूस अँफिथिएटरमध्ये फाटलेली शरीरं शांतपणे कशी बघतो, हा त्याचा सवाल आजही टोचतो. आणि हाच टर्टुलियन शेवटच्या पानांवर म्हणतो की आपल्यासाठी याहून मोठा तमाशा येतो आहे, न्यायाचा दिवस. तिथे छळ करणारे राजे आणि अधिकारी आगीत जळताना बघून मी किती हर्षाने उड्या मारीन! अँफिथिएटर बंद करायला निघालेल्या माणसाने त्याची सगळी बाकं उचलून स्वर्गात मांडली. त्याच्या पिढीने किती सोसलं हे मला माहीत आहे, तरी ही पानं वाचताना वाईट वाटतं. आपल्या बाजूच्या रागासाठी हिंसा बघायची असेल तेव्हा आपल्याला ती हिंसा वाटतच नाही. खलनायकाला शेवटी ठेचून मारताना थिएटरमध्ये ज्या शिट्ट्या वाजतात, त्या वाजवणारे हात रविवारी प्रभुभोजनासाठीही पुढे होतात. माझेही झालेत.

कायद्याने हे थांबलं का? थोडंच. सम्राट कॉन्स्टँटाइनने ३२५ मध्ये फर्मान काढलं की शांततेच्या काळात रक्ताचे तमाशे आम्हाला पसंत नाहीत. ३८० मध्ये तर ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. आणि तरीही अलिपियस ज्या अँफिथिएटरमध्ये बसला ते भरलेलं होतं. थिओडोरेट हा इतिहासकार तेलेमाखस नावाच्या पूर्वेकडून आलेल्या संन्याशाची गोष्ट सांगतो. तो रोमला आला, झुंज चालू असताना आखाड्यात उतरला आणि ती थांबवू लागला. लोक त्याला ग्लॅडिएटरने मारलं असं सांगतात, पण थिओडोरेटच्या म्हणण्यानुसार प्रेक्षकांनी त्याला दगड मारून ठार केलं. नंतर सम्राट होनोरियसने झुंजी बंद केल्या. परंपरा हे वर्ष ४०४ धरते. जनावरांच्या शिकारीचे खेळ पुढे शंभरेक वर्षं चालूच होते.

मग अलिपियस सुटला कसा? ऑगस्टीन एवढंच म्हणतो की देवाने आपल्या बळकट आणि दयाळू हाताने त्याला बाहेर काढलं, पण फार नंतर. तपशील देत नाही. मात्र त्याच्या आधीचं एक प्रकरण देतो. कार्थेजमध्ये अलिपियसला रथांच्या शर्यतींचं असंच वेड लागलं होतं. ऑगस्टीन तिथे शिकवत होता, पण त्याचं अलिपियसच्या वडिलांशी काही बिनसलेलं, म्हणून मुलगा वर्गात शिकायला येत नसे, नुसता येऊन नमस्कार करी, थोडं ऐकून जाई. एक दिवस धडा समजावताना ऑगस्टीनने सहज शर्यतींची उपमा घेतली आणि त्या वेडाने झपाटलेल्यांची बोचरी थट्टा केली. अलिपियस त्याच्या मनातही नव्हता. अलिपियसला मात्र वाटलं, हे माझ्यासाठीच. दुसरा कोणी गुरूवर रागावला असता, हा स्वतःवर रागावला आणि गुरूवर अधिकच जीव लावला. शर्यती सुटल्या. ठरवून केलेल्या उपदेशाने जे झालं नसतं ते ओघात आलेल्या एका वाक्याने झालं, कारण मुलगा त्या माणसाच्या दारात येत होता, आणि माणूस त्याला येऊ देत होता.

पायरीवरच्या त्या तीन मुलांना मी फोन बंद करायला सांगितला नाही. ‘त्याचं पुढे काय झालं रे?’ एवढंच विचारलं. मधला मुलगा गप्प झाला. मग त्याने क्लिप पुन्हा सुरुवातीपासून लावली. मला वाटलं, परत तेच. पण तो कोपऱ्यातली पाटी वाचायचा प्रयत्न करत होता, गाव कुठलं आहे ते कळावं म्हणून.

३८६ मध्ये मिलानच्या बागेत ऑगस्टीनने बायबलमधलं रोमकरांस पत्र उघडलं आणि त्याचं आयुष्य बदललं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या वेळी शेजारी अलिपियस होता. त्याने पुस्तक मागून घेतलं आणि ऑगस्टीन थांबला होता त्याच्या पुढची ओळ वाचली: विश्वासात जो दुर्बळ आहे त्याला जवळ करा. ‘हे माझ्यासाठी आहे,’ अलिपियस म्हणाला, आणि दोघं मिळून आत, ऑगस्टीनच्या आईला सांगायला गेले.